झीलकऱ्याची जागा

सिद्धू,

तेराव्याला मंडपात कुणीतरी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता बँडचे मॅनेजर दोन शब्द बोलतील." मी माईक टेबलावर ठेवला आणि पंगतीत वाढायला निघून गेलो. लोकांना वाटलं, मारुतीचा कंठ दाटून आला. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. राग आला होता. तू जाऊन तेरा दिवस झाले तरी मी मॅनेजरच.

पेपरात तुझ्याबद्दल पुष्कळ आलं. तू कुठं जन्मलास, मेंढरं राखता राखता कसा गायला लागलास, 'कुसळ' नावाचा बँड काढून धनगरी ओवी गिटारवर कशी नेलीस. माळाचा आवाज हरपला, असंही एकानं लिहिलं. वहिनींनी ते कात्रण फ्रेम करायला दिलंय. मला त्यातलं काही पुन्हा लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू मधूनच उठून गेलास. तुझी ही जुनी सवय. भांडण रंगात आलं की तू उठायचास, "थांब मारत्या, च्या आनतो," म्हणायचास आणि अर्ध्या तासानं दोन कप घेऊन यायचास. तोवर आपण काय बोलत होतो ते माझं मलाच आठवायचं नाही. या वेळी मला सगळं आठवतंय.

तुझ्या आबांनी आपल्याला बिरोबाच्या देवळापुढं उभं केलं, तिथपासून आठवतंय. दोघांना एकेक ओळ म्हणायला लावली. तुझा आवाज खुला, सरळ वर जाणारा. माझा जाड, खरखरीत. आबा म्हणाले, "सिद्धू फुडं, मारुती मागं." मी लगेच तोंड वर करून विचारलं, "मागं का म्हनून?" आबा म्हणाले, "आरं, फुडं उभं ऱ्हायला गळा लागतोय. मागं उभं ऱ्हायला कान लागत्यात. तुला कान हायती."

आता हे वाचणाऱ्या शहरातल्या लोकांसाठी एवढं सांगतो. ओवीत पुढं उभा असलेला गाणारा ओळ टाकतो आणि शेवटचे दोन-तीन शब्द अर्धे सोडतो. मागे उभा असलेला झीलकरी ते शब्द उचलतो, लांबवतो, आणि तेवढ्यात पुढचा गाणारा श्वास घेऊन पुढची ओळ जमवतो. या उचलण्याला झील म्हणतात. झील नसेल तर पुढचा चार ओळींत दमतो. आणि आपल्याकडं एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्यानं स्वतःची झील स्वतः घ्यायची नाही. आबा म्हणायचे, ते म्हणजे आपणच टाळी मागायची आणि आपणच द्यायची.

तुझा दम कुठंही तुटायचा. चांगले गाणारे ओळ संपताना श्वास घेतात, तू मध्येच घ्यायचास, कधी कधी शब्दाच्या मध्ये. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुझा खांदा जरा वर गेला की मी आत शिरायचो. वीस वर्षं लोक म्हणत राहिले, सिद्धूचा दम लय मोठा. मी ऐकून घ्यायचो. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

पोटासाठी तू मेंढरं धरलीस, मी बाजार धरला. शेळ्या-मेंढरांच्या बाजारात दलालाच्या मागे हिंडलो, रुमालाखाली बोटं दाबून भाव करायला शिकलो. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, त्याच्या हाताकडं लक्ष ठेवायचं. हात सैल पडला की सौदा झाला, तोंड काही का म्हणेना. माझा बाप मला काही ठेवून गेला नव्हता. जे काही केलं ते या दोन हातांनी आणि या तोंडानं. तोंड तापट आहे, हे मान्य आहे. पण बँड त्याच तोंडानं उभा केला, हे पेपरवाल्यांनी लिहिलेलं नाही.

फौजी आपल्याला भेटला तो दिवस तुला आठवत असेलच. कराडला बागायतदाराच्या घरचं लग्न, आपल्याला ओव्या म्हणायला बोलावलेलं, आणि जेवणं होईपर्यंत कुणी ढोलाला हात लावू देईना. मागच्या अंगणात नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ गिटार घेऊन बसला होता. कोरेगावकडचा उसाचा गडी, नुकताच पलटणीतून निवृत्त झालेला. शिलाँगला असताना बरोबरच्या जवानाकडून शिकला म्हणाला.

"कसली गानी वाजवतोस?" तू विचारलंस.

"कंट्री."

तू माझ्याकडं बघितलंस. "मारत्या, ह्यो दारूची गानी म्हनतोय."

"दारूची न्हाई ओ. कंट्री म्हंजे गावाकडची गानी. गुरं राखनाऱ्यांची. तिकडं अमेरिकेत घोड्यावर बसून गुरं राखत्यात, त्यांची."

"घोड्यावर बसून?" तू म्हणालास. "मग त्यांचं पाय कवा दुखत असतील?"

फौजी हसला आणि त्यानं एक चाल वाजवली. तू डोळे मिटून ऐकलीस आणि त्याच्यावर आपली 'आडाची' ओवी टाकलीस, पाणी गेलं खोल खोल... मी उचललं, आडाच्या तळाला. फौजीचा हात थांबला नाही. मागून आपल्या ढोलवाल्यानं घाई, म्हणजे जलद ठेका, हाणली. भांडी घासणाऱ्या बायका उठून आल्या. मी तिथंच ठरवलं की हा माणूस आता सुटता कामा नये. त्याला बँडचं नाव 'डेक्कन रायडर्स' ठेवायचं होतं. त्यावर आपण तिघं दोन आठवडे भांडलो. 'कुसळ' हे नाव माझं. घोंगडीत एकदा शिरलं की निघत नाही ते.

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आपल्याला कोण घेणार होतं? मी तिथल्या विद्यार्थी सेक्रेटरीला गाठलं. दोन नाचांच्या मध्ये पडदा बदलायला दहा मिनिटं लागतात, तेवढी दे म्हणालो. एक जरी पोरगं उठून गेलं तर आम्ही स्वतः खाली उतरतो. दहाची चाळीस मिनिटं झाली. मग जत्रा आल्या, लग्नं आली, साताऱ्यापासून जतपर्यंत गाडी फिरायला लागली. आणि लग्नवाल्यांनी चिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली. हे सिनेमातलं म्हणा, ते सिनेमातलं म्हणा. आपण म्हणत गेलो. कार्यक्रमात ओवी एकच उरली, तीही शेवटी, खुर्च्या उचलताना. तू गप्प राहायला लागलास. मी म्हणायचो, कामं येतायत ना? हे माझं चुकलं. एवढं मी कबूल करतो. पुढचं नाही करत.

पुण्याला स्टुडिओत 'आड' रेकॉर्ड करायला गेलो तेव्हा तू मला म्हणालास, "मारत्या, गाडी रस्त्यावरच हाय. उचलून न्हेतील. तू बघ जरा, तुज्याशिवाय कुनाला जमायचं न्हाई." मी खाली गेलो. ट्रॅफिक हवालदाराशी दोन तास बोललो, त्याचं गाव तासगावकडचं निघालं, त्यानं गाडीला सावली बघून दिली. मी वर आलो तर काम उरकलेलं. स्टुडिओवाला म्हणाला, मागच्या आवाजाचं बघतो आम्ही. मला वाटलं, मला पुन्हा बोलावतील.

गाणं आलं ते मी कराडच्या स्टँडवर चहाच्या गाड्यावर ऐकलं. चहावाल्याच्या फोनवर चालू होतं. तू ओळ टाकलीस, शब्द सोडलेस, आणि मागून झील आली. तुझ्याच आवाजात. कुठं श्वास नाही, कुठं खरखर नाही, धुतल्यासारखी साफ. चहावाला म्हणाला, "काय दम हाय बगा गड्याचा." मी कप अर्धा ठेवून उठलो.

मग गाडीतलं ते भांडण. फौजी गाडी चालवत होता, आपण दोघं मागं.

"मागं आवाज कुनाचा हाय?"

"माजाच."

"आन माजा?"

"त्यो स्टुडिओवाला म्हनला, दोन आवाज जुळत न्हाईत. तुजा लय खरखरतोय म्हनला."

"त्यो काय बी म्हनंल. तू काय म्हनलास?"

तू खिडकीतून बाहेर बघत राहिलास. फौजीनं उगाच हॉर्न वाजवला.

"सिद्ध्या, मी काय इचारतोय?"

"तू भांडायला जन्माला आलायस, मारत्या," तू म्हणालास. "गायला दुसरी मानसं हायती."

"मग आजपासनं भांडनारच."

नऊ वर्षं मी तो शब्द पाळला. बोलणी केली, गाड्या लावल्या, मंडपवाल्यांना शिव्या दिल्या, तुझ्या घशाला गरम पाणी मिळतंय का ते बघितलं. पण स्टेजवर तोंड उघडलं नाही. तुला वाटलं असेल, महिनाभरात उतरेल. मला आधी ओळखत नव्हतास का?

त्या भांडणानंतरचा पहिलाच कार्यक्रम सांगलीचा. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. नदीकाठचं ते मैदान, माणूस भरपूर, ऊन कलतं झालेलं. 'आड' सुरू होतं. दुसऱ्या कडव्याला तू ओळ टाकलीस, शब्द सोडलेस, आणि थांबलास. खांदा वर गेला. मान वळवून तू डावीकडं बघितलंस. साउंडच्या टेबलाजवळ मी उभा होतो. हाताची घडी घालून. मला ते शब्द घशात आलेले कळत होते आणि मी तोंड घट्ट मिटलं. ढोल चालू राहिला. फौजीनं तीच चाल दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली, त्याच्या कपाळावरचा घाम मला तिथून दिसला. आणि पुढच्या रांगेतून एका बाईनं शब्द उचलले. जाड आवाज, रानात हाळी घालतात तसा. आडाच्या तळाला. मग तिच्या शेजारच्या, मग मागचे, मग सगळं मैदान. तू हसलास, श्वास घेतलास आणि पुढची ओळ टाकलीस.

त्या दिवसापासून कुसळ बदलला. तू सिनेमाच्या चिठ्ठ्या फाडून टाकल्यास. ओव्या परत आणल्यास आणि प्रत्येक ओवीत जागा सोडायला लागलास. फौजीनं सगळ्या चाली त्या जागांसाठी नव्यानं बांधल्या. आपल्याला ऐकायला येणारे लोक आता आपल्याबरोबर गायला यायला लागले. साताऱ्यात पोरं पोटतिडकीनं झील घ्यायची, ज्यांच्या घरात कुणी मेंढरू बघितलेलं नाही अशी पोरं. जाणकारांनी लिहिलं की सिद्धूनं लोककलेला नवं रूप दिलं. काय नवं रूप, सिद्धू? झीलकरी रुसला म्हणून जागा मोकळी राहिली आणि ती लोकांनी भरली. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आणि प्रत्येक कार्यक्रमात, पहिल्या जागेला, लोकांकडं बघायच्या आधी तू एकदा डावीकडं बघायचास. मला वाटायचं, मला डिवचतोस. बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही, असं सांगतोस. मी अजूनही खात्रीनं सांगू शकत नाही की तसं नव्हतं.

मागं उभा राहशील का, असं तोंडानं तू मला तीनदा विचारलंस. सांगलीच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा मी गाडीत सामान भरायला निघून गेलो. माझी आई गेली तेव्हा ओट्यावर, तेव्हा मी तुझ्या अंगावर धावून गेलो. आणि शेवटचं मिरजेच्या दवाखान्यात. नळ्या लावलेल्या, बोलायला बंदी, तरी तू म्हणालास, "जत्रंला मागं उभा ऱ्हा."

मी म्हणालो, "बघू."

बाजारात 'बघू' म्हणजे नाही. हे तुला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, वीस वर्षं तू मला ते गिऱ्हाइकांना म्हणताना ऐकलं होतंस. तू डोळे मिटलेस. मी नर्सशी ड्युटीच्या वेळांवरून भांडायला बाहेर गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तू बोलत नव्हतास.

तेराव्यानंतर चार दिवसांनी जत्रा कमिटीनं बोलावलं. देवळाच्या ओवरीत तात्या अध्यक्ष म्हणून मधोमध बसलेले, फौजी आधीच येऊन टेकलेला. ठरवून ठेवलं होतं त्यांनी. मोठा पडदा लावायचा, तुझा जुना व्हिडिओ दाखवायचा, तुझा रेकॉर्ड केलेला आवाज सोडायचा आणि खाली आपला बँड वाजवणार.

"लोकास्नी दादाच पायजे," फौजी म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"त्यात झील बी त्याचीच हाय," मी म्हणालो.

"असूदे की. चांगलीच हाय."

"तात्या, मेलेल्या मानसाला जत्रंत नाचवू नगा. लोक मोकळ्या जागेला तोंड उघडतील आन आतनं मशिनच बोलंल."

तात्यांनी पान तोंडात टाकलं. "मग तू म्हन की. तुजा गळा कुटं गेलाय? का गळ्याची बी बोलनी करावी लागत्यात तुज्याशी?"

सगळे हसले. मी तात्यांना नको ते बोललो, फौजीला त्याहून वाईट बोललो आणि उठून आलो. त्या दिवशी मी ठरवलं होतं की बँड मोडायचा. साउंड विकायचा, गाडी विकायची, फौजीनं त्याच्या उसात गिटार वाजवत बसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडं गेलो. तक्रार करायलाच गेलो होतो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, तात्या काय म्हणाले, फौजी कसा फिरला. त्यांनी मान वर केली नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "भावजी, मला पडद्यावरचं मानूस नको. घरात फोटू हाय तेवढा बास हाय."

"त्येच म्हनतोय मी."

"तुमी न्हाई म्हनताय. पर व्हय काय म्हनताय?"

मी समोरची एक शेंग उचलली. त्या म्हणाल्या, "मी एकदा इचारलं हुतं त्यास्नी. समदं मैदान फुडं असताना आदुगर त्या कडंला का बघता म्हनून."

"काय म्हनला?"

"सवय हाय, म्हनले." त्यांनी टरफलं सुपात गोळा केली. "नऊ वर्सं त्यास्नी मान वळवाय लावलीसा. आता बँडच्या पोरांस्नी बी लावनार का?"

सवय. तेवढंच म्हणालास. वाट बघतो म्हणाला असतास, चुकलो म्हणाला असतास, तर मी वहिनींपुढं तुला शिव्या दिल्या असत्या, खोटं बोलतोस म्हणालो असतो. सवय म्हणालास, ते मात्र मला खरं वाटलं. माणूस सवयीत खोटं बोलत नाही. मी तिथं बसून शेंगा फोडल्या, अर्धा तास. वहिनींनी चहा विचारला, नको म्हणालो.

त्याच दुपारी तात्यांच्या घरी गेलो. पडदा नाही, रेकॉर्ड नाही, बँड स्वतः गाणार, असं सांगितलं. तात्या म्हणाले, मग पालखीनंतरची मुख्य वेळ मिळणार नाही, ती दुसऱ्या ऑर्केस्ट्राला देऊ. तुम्हाला दुपारी चार. उन्हं समोरून डोळ्यांत येतात ती वेळ.

"चालंल," मी म्हणालो.

तात्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "चालंल? तू भांडनार न्हाईस?"

"न्हाई."

"मारुती, काय तरी डाव हाय तुजा." त्यांनी आतून पोराला बोलावलं आणि कागदावर लिहून घेतलं, मी फिरेन म्हणून. मग विचारलं, "फुडं कोन?"

"फौजी."

"आन मागं?"

"मी हाय."

फौजी आधी तयार नव्हता. म्हणाला, मी गिटारवाला माणूस, ओवीला माझा गळा नाही, शिवाय परवा तुमी मला आईवरनं बोलला. मी त्याची माफी मागितली. हो, मागितली. गेल्या पंचवीस वर्षांत कुणाची मागितली असेल तर सांग. मग त्यानंच विचारलं, "दादाच्या जागंवर तुमीच का उभं ऱ्हात न्हाई? समद्यास्नी त्येच वाटतंय."

सगळ्यांना तेच वाटतंय, सिद्धू, म्हणून इथं लिहून ठेवतो. मी तुझ्या जागेवर उभा राहणार नाही. ती मला कधी नकोच होती. गाडीतही मी तुझी जागा मागत नव्हतो, माझी मागत होतो. तू ती दिली नाहीस, आणि पुढं दिलीस तेव्हा मी घेतली नाही. दोघांनी मिळून नऊ वर्षं ती मोकळी ठेवली आणि त्यातून हा बँड उभा राहिला, हे मला कबूल करावं लागतं, मनाविरुद्ध. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझं डोकं फोडावं, हे माझं अजून ठरत नाही.

काल पहिली तालीम झाली, फौजीच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये. फौजीनं ओळ टाकली. आवाज तुझ्या निम्म्यानंही नाही, आणि गाताना तो सावधानमध्ये उभा राहतो, परेडला उभा असल्यासारखा. शब्द सोडताना त्यानं डोळे मिटून घेतले. मी उचलले. आवाज मध्येच फाटला. ढोलवाले हसले. मी ढोलवाल्यांना शिव्या दिल्या आणि परत घ्यायला लावलं. दुसऱ्यांदा सूर खाली गेला. तिसऱ्यांदा लागला. खरखरीत आहेच, तुझा तो स्टुडिओवाला खोटं बोलला नव्हता. शेडचा पत्रा थरथरत होता.

मोकळ्या जागा लोकांच्या आहेत, त्या मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. पहिली झील मी उचलीन, लोक माझ्यामागून येतील. त्यांना आवडलं नाही तर चार वाजताच्या उन्हात मला तोंडावर सांगतील, आपल्या गावची माणसं मागं राहत नाहीत. मग मी त्यांच्याशी भांडीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहीन.

माझा राग गेलेला नाही. तो गेला असता तर हे लिहायलाच बसलो नसतो. तू त्या स्टुडिओत गप्प का बसलास, हे तू मला सांगायला हवं होतंस, आणि आता ते कुणीच सांगू शकत नाही. ते तसंच राहणार. मी ते घेऊनच गाणार आहे.

जत्रेला अकरा दिवस उरलेत. फौजीचा दम तिसऱ्या ओळीला चुकतो आणि खांदा वर करायची सवय त्याला नाही, त्यामुळं कधी शिरायचं ते मला कळत नाही. दोघांनी मिळून काहीतरी खूण ठरवावी लागेल. आज पाच वाजता त्याला पुन्हा बोलावलंय.